आईच्या व्यवसायापुढे 'निल' लिहू नका

गोव्यातील १९१ ग्रामपंचायतींचे सरपंच, पंच, सचिव आणि ग्रामसभेला येणारे सर्व गावकरी यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

हे पत्र पणजीच्या मंत्र्यांना न पाठवता मी तुम्हाला लिहिते आहे, त्याला कारण आहे. गावात मूल जन्मलं की त्याची नोंद तुमच्याकडे होते आणि माणूस गेला की शेवटची नोंदही तुमच्याकडेच होते. घराला नंबर तुम्ही देता, रहिवासी दाखला तुम्ही देता, बाजाराला बसणाऱ्या बाईकडून सोपो, म्हणजे बसण्याचा कर, तुमच्या नावाने घेतला जातो. केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेसाठी कुणी अर्ज केला, तर अर्जदार खरोखर कारागीर आहे का, याची पहिली तपासणी ग्रामपंचायतीच्या पातळीवरच होते. गावातली कुठली बाई हाताने काय घडवते, हे कुठल्या तरी कागदावर यायचं असेल तर ते तुमच्या टेबलावरूनच येऊ शकतं. माझं सगळं म्हणणं त्या टेबलाविषयी आहे.

माझी आई गणेश चवथीच्या आधी गेली. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, म्हणून बाराव्याच्या गडबडीतच मी फॉर्म भरायला गेले. त्या फॉर्मात मृताच्या व्यवसायाचा रकाना असतो आणि तिथेच सूचना असते की काही व्यवसाय नसल्यास 'निल' लिहावं. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "आई नोकरी करायची?" मी नाही म्हटलं. "मग निल." मी म्हटलं, थांबा. ती वाकळी, म्हणजे हाताच्या गोधड्या, शिवायची, विकायची, आमचं घर काही वर्षं त्यावर चाललं आहे. तो थोडा विचारात पडला, आणि मला बरं वाटावं म्हणून त्याने 'हाऊसवाइफ' असं लिहिलं. माणूस सरळ होता, वागला चांगला. कुठलं ऑफिस ते मी लिहीत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात वेगळं घडलं असतं असं मला वाटत नाही. पण तो कागद घेऊन घरी आल्यापासून माझ्या मनाला शांतता नाही.

माझी आई काय करायची ते आता सविस्तर सांगते.

आमचं घर डिचोली तालुक्यात, खाणपट्ट्यात. बाबांचा खनिज वाहून नेणारा ट्रक होता, कर्जावर घेतलेला. शेत थोडं, पोफळी-केळीचं छोटं कुळागर, दोन गाई, आणि अंथरुणाला खिळलेली आजी. आईचा दिवस गाईंपासून सुरू व्हायचा. मग चहा, भाकरी, आजीचं आंघोळपाणी, आम्हा भावंडांच्या शाळा, कुळागराला पाणी सोडणं. उन्हाळ्यात काजूची बोंडं गोळा करणं, सोलं वाळवणं, फणसाची साटं घालणं, पावसाळ्याचा पुरुमेंत भरून ठेवणं. यातलं काहीही नवलाचं नाही. तुमच्या प्रत्येकाच्या घरात हे घडलेलं आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. जवळजवळ पाच तास, विनामोबदला. आईची सुई हे पाच तास उलटल्यावर सुरू व्हायची.

वाकळ कशी होते हे पन्नाशीच्या पुढच्यांना ठाऊक आहे. पण आता पंचांमध्ये तरुण मुलगेही आहेत, मुलीही आहेत, त्यांच्यासाठी लिहिते. जुन्या सुती साड्या, धोतरं, पंचे आधी कढत पाण्यात उकळून कडक उन्हात वाळवायचे. साड्यांचे काठ उसवून वेगळे ठेवायचे, ते शेवटी कडेला पट्टी म्हणून लागतात. मग सारवलेल्या जमिनीवर एकावर एक थर पसरायचे. सगळ्यांत विरलेलं कापड मध्ये, चांगलं खाली आणि वर. कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, जे जड हाती लागेल ते ठेवून कापड ताणून घ्यायचं, कारण एक जरी थर आत गोळा झाला तर वाकळ जन्मभर तशीच राहते. टाका कडेकडेने घालायचा, चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे यायचं. आईचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा असायचा आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत तेवढाच राहायचा. दोरा ओळीत धरायला तिला खुणेची गरज पडत नसे. हातच माप घ्यायचा. वरच्या थरावर रंगीत तुकड्यांचे चौकोन आणि त्रिकोण बसवायची ते मात्र आधी जमिनीवर मांडून, लांब उभी राहून, डोकं तिरपं करून पाहायची. कधी सगळं उचलून पुन्हा मांडायची. रंगांच्या बाबतीत ती कुणाचंच ऐकत नसे.

हे काम पावसाच्या आत संपवावं लागतं. ओल धरलेलं कापड शिवलं तर आत कुबट वास राहतो. एप्रिल-मे म्हणजे काजू, सोलं, पापड, पुरुमेंत आणि वाकळी, सगळं एकाच वेळी. म्हणून ती रात्री शिवायची. पूर्वी वाड्यावरच्या दोघी-तिघी एका वाकळीच्या चार बाजूंना बसायच्या. हळूहळू एकेक जण उठून गेली, कुणाला नोकरी लागली, कुणाला गुडघे धरले. शेवटची काही वर्षं आई एकटीच चारी बाजूंना फिरायची.

कापडाची अडचण वेगळीच. सुती साडी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या आणि जुनं सुती कापड मिळेनासं झालं. पॉलिएस्टरचे थर एकमेकांना धरत नाहीत, सरकतात, आणि अंगावर घेतलं की घाम टिपत नाहीत. आई पॉलिएस्टर वापरायची ते फक्त वरच्या थराला, रंगापुरतं. आतलं सुती कापड मिळवण्यासाठी ओळखीच्या घरांत सांगून ठेवायची, म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेली की विचारत फिरायची. कच्चा माल शोधणं, माप, आखणी, रंगसंगती, शिवण, विक्री, हिशेब असं सगळं एक माणूस करतो, तेव्हा त्याला धंदा म्हणतात. तो माणूस परकर-पोलक्यातल्या वयापासून हे करत आला असेल तर त्याला कारागीर म्हणतात.

आणि वाकळ हे तिचं एकच काम नव्हतं. सुरंगीच्या दिवसांत ती त्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, ओवायची. सुरंगीची कळी उमलायच्या आत ओवावी लागते, म्हणून पहाट व्हायच्या आधी टोपली पुढ्यात घ्यायची. अबोलीच्या फाती, म्हणजे माळा, केळीच्या सोपाच्या दोऱ्यात गुंफायची. झावळ्या सोलून हीर काढायची आणि केरसुण्या बांधायची. शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं की रुखवतासाठी क्रोशाचे रुमाल आणि मण्यांची तोरणं आईकडूनच जायची, त्याचे पैसे तिने कधी मागितले नाहीत.

२०१२ साली खाणी बंद झाल्या. ते दिवस आपल्या तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. ट्रक दारात उभा, हप्ता मात्र चालू. पुढे थोड्या प्रमाणात काम सुरू झालं, तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि चाकं पुन्हा थांबली. त्या निकालाच्या बाजूने आणि विरुद्ध मी काही बोलत नाही. खाणीने आमच्या विहिरींचं काय केलं तेही आम्ही पाहिलं आहे. सांगायचं ते इतकंच की त्या वर्षांमध्ये सभा झाल्या, मोर्चे झाले, ट्रकमालकांसाठी मदतीच्या योजना आल्या, वर्तमानपत्रांत रोज खाणअवलंबितांची चर्चा असायची. त्या चर्चेत माझ्या बाबांचा ट्रक होता. आमच्या घरातल्या चुलीखालचं लाकूड, भावाची कॉलेजची फी आणि आजीची औषधं जिच्या वाकळींतून आली ती आई त्या चर्चेत कुठेच नव्हती. कदंबच्या बसमधून गाठोडं घेऊन ती म्हापशाला जायची. किनारपट्टीवरच्या एका दुकानाने तिच्याकडून वाकळी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तिला फार आनंद झाला. दुकानात त्या कितीला विकल्या जात ते मला नंतर कळलं. आईला मी ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांचें दुकान मोठें. घरांत बसून केल्लें काम कसलें काम गो?"

मला तिच्या या वाक्याचा फार त्रास होतो, कारण ते तिचं स्वतःचं नव्हतं. ते तिला जन्मभर ऐकवलं गेलं होतं. नवऱ्याने ऐकवलं नसेल, सासूने ऐकवलं नसेल, पण प्रत्येक फॉर्मने ऐकवलं. रेशनकार्डावर गृहिणी. बँकेत गृहिणी. मतदार यादीत अमक्याची पत्नी. शेवटी मृत्यूच्या नोंदीत, मी भांडले म्हणून, हाऊसवाइफ.

गृह आधार योजनेचे महिना १५०० रुपये आईला मिळायचे आणि ती ते कृतज्ञतेने घ्यायची. ती योजना चांगली आहे, ती बंद पडू नये. पण ती गृहिणीला महागाईत हातभार म्हणून आहे. कारागिराला कारागीर म्हणून जे मिळतं ते निराळं असतं. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाचे हस्तकला विकास आयुक्त कारागिरांना ओळखपत्र देतात. पीएम विश्वकर्मा ही योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यात प्रमाणपत्र मिळतं, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये मिळतात, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत होते, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. योजनेत १८ धंदे आहेत. त्यांत टोपल्या, चटया, केरसुण्या करणारे आहेत, माळा ओवणारे आहेत, शिंपी आहेत. हे सगळं माझी आई करायची! वाकळ शिवणाऱ्यांचा वेगळा उल्लेख नाही, पण उरलेल्यांत तिला दोन-तीन ठिकाणी जागा होती. तरी आमच्या घरात कुणालाच तिचा अर्ज करायचं सुचलं नाही, आणि गावातल्या कुणीही येऊन तिला विचारलं नाही.

याच योजनेत एक अट आहे, ती कृपा करून नीट वाचा. एका कुटुंबातून एकालाच लाभ. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. आता गावातलं असं घर डोळ्यांपुढे आणा जिथे नवरा सुतार आहे आणि बायको सुपं-रोवळ्या विणते. अर्ज कुणाच्या नावाने जाणार? आमच्या वाड्यावर असं घर आहे. अर्ज नवऱ्याच्या नावाने गेला. त्या बाईला असा काही प्रश्न असू शकतो हेच ठाऊक नव्हतं. पंचायतीत सही करणाऱ्याने जर नुसतं विचारलं असतं, "तुमच्या घरात अजून कोण हाताने काम करतं?", तर निदान त्या घरात एक बोलणं झालं असतं. केंद्राची अट बदलणं तुमच्या हातात नाही. तो प्रश्न विचारणं तुमच्या हातात आहे. आणि ही अट आमच्या गावांतल्या बायकांना मागे ढकलते, एका घरात दोन वेगळे कारागीर असतील तर दोघांनाही घ्या, असा ठराव ग्रामसभेने करून वर पाठवणं हेही तुमच्या हातात आहे.

कुणी म्हणेल, गोव्यात हस्तकलेला काय कमी आहे? लोकोत्सव होतो, सरकारी महामंडळाची अपरांत दुकानं आहेत. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडीचा ध्यास घेतला आणि ती पुन्हा लोकांच्या नजरेत आणली, त्यांचे उपकार आहेत. २०२३ मध्ये आपल्या बिबिंकाला, त्या थरांच्या गोड पदार्थाला, भौगोलिक मानांकन मिळालं, मलाही अभिमान वाटला. पण या सगळ्यात वस्तूचं नाव होतं, प्रदेशाचं नाव होतं. थरावर थर भाजत भट्टीपुढे उभी राहणारी बाई कोण, ती कुठल्या गावची, तिच्या नावाची कुठे नोंद आहे का, हे विचारायचं राहूनच जातं. तिथे पणजी पोचू शकत नाही. गाव पोचू शकतो. कुठल्या घरात अजून वाकळ शिवली जाते, कोण हीर काढते, कोणाच्या हातची फाती दोन दिवस टिकते, हे आपल्या गावात सगळ्यांना पाठ आहे.

मग एक वही घाला. प्रत्येक पंचायतीत, प्रभागवार. बाईचं नाव, ती काय करते, कुणाकडून शिकली, तिच्याकडून कुणी शिकतं आहे का, एवढंच. पंच मंडळी मतांसाठी प्रत्येक घराची पायरी चढतात, तशी याच्यासाठी एकदा चढावी. त्या वहीच्या आधाराने दाखला द्या. उद्या तिला ओळखपत्र हवं असेल, कर्ज हवं असेल, प्रदर्शनात टेबल हवं असेल, तर "मी गृहिणी" याच्या पुढचं काही तरी तिच्या हातात असेल.

जत्रेतल्या फेरीकडेही, म्हणजे तिथे लागणाऱ्या दुकानांकडेही, लक्ष द्या. सोपो वसुलीचा ठेका दिला की पुढच्या चांगल्या जागा बाहेरून येणाऱ्या मोठ्या दुकानांना जातात, प्लॅस्टिकची तोरणं आणि मशीनवरच्या गोधड्या तिथे लटकतात, आणि गावातली बाई केरसुण्या घेऊन गटाराच्या कडेला उन्हात बसते. तिच्याकडूनही सोपो घेतात. चवथीच्या आधीच्या बाजाराला आणि गावच्या जत्रेला गावातल्या बायकांसाठी पुढची सावलीतली जागा राखून ठेवा, आणि त्यांच्याकडून सोपो घेऊ नका. त्यातून पंचायतीचं फार नुकसान होणार नाही.

आणखी एक सोपी गोष्ट. पंचायतीच्या कार्यक्रमांत पाहुण्यांना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गुच्छ आणि कारखान्यातली शाल देतात. त्याच पैशात अबोलीची फाती आणि गावात विणलेलं सूप येतं. मान्यवर मोठे असतील तर वाकळ द्या. योग्य दाम देऊन विकत घ्या, कुणाकडून फुकट मागून आणू नका. आपल्याकडे बाईच्या हातची वस्तू प्रेमाने मागून नेण्याची सवय आहे. माझ्या आईने त्या प्रेमापोटी किती तोरणं दिली असतील!

जनगणना येते आहे, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. २०११ च्या जनगणनेत काम करणाऱ्यांच्या चार गटांपैकी एक 'घरगुती उद्योग' असा होता, आणि वर्षातून सहा महिन्यांपेक्षा कमी काम करणाऱ्यांनाही सीमांत कामगार म्हणून त्यात जागा होती. घरकाम करणारी बाई मात्र काम न करणाऱ्यांत मोजली जाते. म्हणजे दारात येणाऱ्या माणसाला घरातल्यांनी काय सांगितलं यावर सगळं आलं. "आई घरीच असते" असं म्हटलं की संपलं. ग्रामसभेत हे आधीच समजावून सांगा. गणनेला जाणारे बहुतेक शिक्षक असतात, ते आपलेच असतात, ते समजून घेतील.

मला वाकळ शिवता येते. आईएवढी नाही, पण थर सरकू न देता येते. माझी मुलगी सुई हातात धरत नाही. तिचं म्हणणं असं की आजीला यातून काय मिळालं? मी तिला प्रेमाच्या आणि परंपरेच्या गोष्टी सांगू शकते, पण ती हुशार आहे, तिला कागदावर काय आहे ते दिसतं. तिने शिकावं असा आग्रह धरण्याआधी मला तिच्यापुढे ठेवायला काही तरी हवं आहे.

म्हणून येत्या ग्रामसभेसाठी आमच्या पंचायतीला मी हा ठराव लिहून दिला आहे. इतर पंचायतींनी तो हवा तसा बदलून घ्यावा:

'या गावात हाताने वस्तू बनवणाऱ्या सर्व स्त्रियांची नावं आणि त्यांची कामं यांची नोंद पंचायतीने तीन महिन्यांत करावी. पंचायतीच्या कुठल्याही दाखल्यात किंवा फॉर्मात स्त्रीचा व्यवसाय लिहिताना आधी तिला, ती हयात नसल्यास तिच्या घरच्यांना, ती काय काम करते किंवा करत होती हे विचारावं, आणि सांगतील ते तसंच लिहावं.'

ठराव मी मांडणार आहे. अनुमोदनाला आमच्या वाड्यावरच्या दोघी तयार आहेत. त्या कधी ग्रामसभेत बोललेल्या नाहीत, त्यामुळे माईक त्यांच्यापर्यंत पोचेल एवढं पाहावं. विषयपत्रिकेत हा विषय शेवटी ठेवू नये ही विनंती, कारण शेवटच्या विषयापर्यंत दुपार होते आणि बायकांना जेवणासाठी घरी परतावं लागतं.

आपली,
डिचोली तालुक्यातील एक मतदार